पुराच्या दिवसांत हृदयरुग्ण सांभाळताना

गोव्यातल्या साखळी गावात वाळवंटी नदीचं पाणी चढू लागलं की लोक आधी फ्रीज उचलतात. आमच्याकडे मामंजींना स्टेंट (हृदयाची धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) घातलाय, म्हणून औषधांचा डबा पहिला. मिरगाआधीच पंधरा दिवसांच्या गोळ्या, शेवटचा ईसीजी आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

भीतीने अ‍ॅड्रेनलिन हे ताणाचं संप्रेरक वाढतं. नाडी, रक्तदाब चढतात, रक्त गोठण्याकडे झुकतं. 17 जानेवारी 1994 च्या नॉर्थरिज भूकंपात, लॉस एंजेलिस भागात, त्या दिवशी हृदयविकाराने अचानक दगावलेले नेहमीच्या कित्येक पट होते. म्हणून रुग्णाला सामान उचलायला लावू नका (मामंजींना हे पटवणं पुरापेक्षा कठीण). पुराचे व्हिडिओ सतत दाखवू नका, रात्री झोपू द्या. बीटा ब्लॉकर (नाडी, रक्तदाब आवरणारं औषध) चालू असेल तर एकही गोळी चुकवू नका. ती एकदम बंद होणं धोक्याचं. वीज गेल्यावर पेज-लोणचं, सुकं बांगडं सोयीचं, पण त्यातलं मीठ हृदय कमजोर असलेल्याच्या पायांवर सूज आणतं, दम लावतं.

छातीवर दडपण, गार घाम, जबड्यात किंवा हातात कळ दिसली की लगेच 108. आणि रस्ता बुडायच्या आधीच रुग्णाला उंचावरच्या नातेवाइकांकडे हलवा.