हॉरर गेमची भीती मेली असेल तर

'एलियन: आयसोलेशन'मधल्या हॉस्पिटलच्या मजल्यावर मी अठराव्यांदा मेलो, तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता आणि तो सांडलाही नाही. पहिल्यांदा तो एलियन छताच्या भोकातून उतरला होता, तेव्हा मी हेडफोन फेकून ओट्यावरचा दिवा लावायला धावलो होतो. दहा बाय बाराच्या खोलीत धावून धावणार किती, पण धावलो होतो. गेम तोच, जागा तीच. फरक पडला होता तो माझ्यात.

आमची चाळ प्रभादेवी आणि दादरच्या मधे, रुळाला चिकटून. पाहुणे पहिल्या रात्री टक्क जागे असतात आणि आम्ही ढाराढूर. आम्हाला गाडी ऐकूच येत नाही. पण २०२०च्या मार्चमध्ये लोकल बंद झाल्या आणि दोन रात्री चाळीत कुणाचा डोळा लागेना. रोजचा आवाज कान गाळून टाकतो. तो थांबला की मात्र माणूस दचकून जागा होतो. हॉरर गेमचं दुखणं आणि औषध, दोन्ही यातच आहे.

पहिली गोष्ट मरणाची. भीती मरणाच्या अलीकडे असते. कपाटात लपून श्वास रोखलेला असतो, तेव्हा. मेलात की सुटलात. पडद्यावर लोडिंग येतं आणि तेच दार, तोच कॉरिडॉर. तिसऱ्यांदा तुम्हाला राक्षस दिसतच नाही, दिसतं ते वेळापत्रक: इतके सेकंद डावीकडे, मग वळणार, मग मी पळणार. म्हणून माझा नियम असा: एकाच जागी दोनदा मेलो की त्या दिवसापुरता गेम बंद, नाहीतर डिफिकल्टी एक पायरी खाली. इथे पोरं नाक मुरडतात. कठीण म्हणजे भीतिदायक, असं त्यांना वाटतं. कठीण गेम चिडचिड देतो, आणि चिडलेला माणूस घाबरत नाही.

सेव्हचं, म्हणजे खेळ कुठवर आला ते जपून ठेवण्याचं, मात्र उलट करायचं, ते महाग ठेवायचं. १९९६च्या पहिल्या 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये टाइपरायटरपाशीच सेव्ह होई आणि त्यासाठी रिबन लागे, त्याही मोजक्याच. दोन गोळ्या, अर्धमेला माणूस आणि खिशात एकच रिबन: आता वापरू की पुढे जाऊ? ती घालमेल कुठल्याही झाँबीपेक्षा भारी होती. नव्या गेममध्ये दर दोन मिनिटांनी आपोआप सेव्ह होत असेल तर त्याला इलाज नाही. पण हाताने सेव्ह करता येत असेल, तर एका बैठकीत एकदाच करा. जास्त ताणू नका हं, नाहीतर तासाभराचं पुन्हा खेळावं लागेल आणि परत तेच वेळापत्रक.

आता उजेड. सुरुवातीला गेम विचारतो, हे चिन्ह जेमतेम दिसेल इतकी ब्राइटनेस ठेवा. बहुतेक जण 'नीट दिसायला हवं' म्हणून वाढवतात आणि तिथेच अर्धा खेळ हरतात. १९९९च्या 'सायलेंट हिल'मध्ये सगळीकडे धुकं आहे, कारण त्या काळच्या प्लेस्टेशनला, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राला, लांबचं गाव रंगवणं झेपत नव्हतं. अडचण झाकायला आणलेलं धुकंच गेमचा जीव ठरलं. २०१२च्या एचडी आवृत्तीत दुसऱ्या भागातलं धुकं विरळ झालं आणि पलीकडची अर्धवट बांधकामं उघडी पडली. टीव्हीचा झगमगीत मोड बंद करा. आमच्या खिडकीतून फलाटाचा पांढरा उजेड येतो, तिथे मी जुनी चादर लावतो. बायको म्हणते, बाहेरून गोदाम वाटतं.

आवाज फुल करू नका. फुल आवाजात माणूस चमकतो, घाबरत नाही. फटाका वाजला तरी चमकतोच की. सगळ्यात बारीक आवाज जेमतेम ऐकू येईल इतकाच ठेवा. मग कान स्वतःहून पुढे सरकतो. त्याच 'सायलेंट हिल'मध्ये राक्षस जवळ आला की खिशातला रेडिओ खरखरतो, आणि खरखर सुरू होऊनही काही दिसत नाही, तो क्षण सगळ्यात वाईट. पंखा मात्र बंद करा. मे महिन्यात हे सांगणं क्रूरपणाचं आहे, मान्य.

बैठक पाऊण तासाची, शेवटची लोकल गेल्यावर. शनिवारी रात्रभर बसलात तर दोन वाजता घाबराल आणि चार वाजता जांभया द्याल.

माझी आजी मालवणकडची. तिच्या गोष्टीतल्या भुताला चेहराच नसे. विहिरीपाशी 'तो' उभा असे, बस. कसा दिसतो विचारलं की ती दाराकडे बघून म्हणायची, 'तेचा नाव घेव नको, झिला.' आज आपण गेम घेण्याआधीच त्या 'तो'चा वीस मिनिटांचा व्हिडिओ बघतो, कुठून येतो आणि कशाने मरतो ते पाठ करतो. अडकलात तर एक दिवस अडकून राहा. नकाशा आणि खुणा बंद करता आल्या तर करा. आणि आतेभावाला शेजारी बसवू नका. माझा आतेभाऊ प्रत्येक राक्षसाला आमच्या मालकाचं नाव ठेवतो.

शस्त्रांबद्दल थोडक्यात: २००५चा 'रेसिडेंट ईव्हिल ४' मला जीव की प्राण आहे, पण तिथे पैसे मोजून बंदूक जबर करत गेलो आणि शेवटी गावकरीच मला घाबरायला हवे होते. २०१०च्या 'अॅम्नेशिया'त हातात एकही शस्त्र नाही आणि राक्षसाकडे टक लावून बघितलं तरी डोकं बिघडतं. भीती हवी असेल तर चांगली बंदूक पेटीत ठेवून पुढे जा.

एवढं करूनही जुना गेम थंडच राहिला तर तो वर्षभर बाजूला ठेवा आणि ज्यात दर खेळीला वस्तूंच्या जागा बदलतात असा एखादा घ्या. मी २०२३चा 'अॅम्नेशिया: द बंकर' घेतला. पहिल्या महायुद्धातला जमिनीखालचा बंकर, भिंतींच्या पोकळीत हिंडणारं एकच जनावर, इंधन संपलं की काळोख करणारा जनरेटर आणि दोरी ओढून चालवायचा टॉर्च, ज्याच्या आवाजाने ते जनावर येतं. गेल्या बुधवारी टॉर्च विझला. दोरी ओढू की नको या विचारात बसलो होतो, आणि भिंतीत काहीतरी खरवडलं. मी हेडफोन काढला. खरवडणं चालूच.

ओट्याखाली उंदीर होता. पण हे सकाळी कळलं. त्या वेळी दिवा लावायला मी बायकोला उठवलं.