घरी बांधलेल्या विमानाचे पंख आणि एलेरॉन : कोन जुळवून ड्रॅग कसा कमी करावा

एकाच आराखड्यावरून बांधलेली, सारख्याच इंजिनाची दोन विमाने शेजारी शेजारी उडवली, तरी त्यांच्या वेगात काही किलोमीटरांचा फरक पडतो. त्याचे खापर बहुधा इंजिनावर किंवा प्रोपेलरवर फुटते. प्रत्यक्षात अनेकदा एक पंख दुसऱ्यापेक्षा किंचित जास्त कोनात बसलेला असतो, तो तोल सावरण्यासाठी एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेवरील, विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या हलत्या फळ्या) सतत थोडे वळलेले राहतात, एलेरॉनमुळे नाक एका बाजूला ओढले जाते आणि ते सरळ ठेवण्यासाठी रडरही (शेपटीवरील उभी हलती फळी) दाबावा लागतो. मूळ चूक एक आणि तिच्यापायी हवेत आडवे येऊन ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, वाढवणारे पृष्ठभाग तीन, असा हा प्रकार आहे. म्हणून या कामात कोन नेमका किती अंशांचा आहे यापेक्षा तो दोन्ही बाजूंना सारखा आहे की नाही, याला अधिक महत्त्व द्यावे.

कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव यांच्यामुळे हा छंद मराठी वाचकांना अगदीच अनोळखी राहिलेला नाही. तरी अशी विमाने मोठ्या संख्येने बांधली जातात ती अमेरिकेत. तिथल्या ओरेगॉन राज्यातील व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीचे आरव्ही-७ हे दोन आसनांचे धातूचे विमान मी उदाहरणासाठी घेतो. त्याचा पंख मुळापासून टोकापर्यंत सारख्याच रुंदीचा, सुमारे १.४७ मीटरचा असून त्याला मुद्दाम दिलेला पीळ नाही, त्यामुळे मोजमाप सोपे जाते.

पहिले काम पंखाच्या बसवणीच्या कोनाचे, म्हणजे इन्सिडन्सचे. मुख्य स्पारचे (स्पार म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारी आतली तुळई) बोल्ट आधीच ठरलेल्या भोकांत बसतात. कोन ठरतो तो मागच्या स्पारच्या भोकाने, आणि ते भोक बांधणाऱ्यालाच पाडावे लागते. एकदा पाडलेले भोक सरकवता येत नाही, म्हणून सारी सावधगिरी त्याच्या आधीच बाळगावी. प्रथम विमान ठोकळ्यांवर टेकवून लाँजेरॉनवर (धडाच्या लांबीभर जाणाऱ्या दांड्यावर) डिजिटल लेव्हल ठेवावी आणि ते लांबीत व रुंदीत समतल करावे. दोन्ही पंखांच्या पुढच्या कडेवरून मुळाशी आणि टोकाशी असे चार ओळंबे सोडावेत. चारही दोऱ्या एका सरळ रेषेत आल्या, तर पंख पुढे-मागे झुकलेले नाहीत असे समजावे. त्यानंतर दोन्ही पंखांच्या टोकांवरील ठरावीक रिव्हेटपासून शेपटीच्या मध्यबिंदूपर्यंतचे अंतर स्टीलच्या टेपने मोजावे; ते दोन्ही बाजूंना सारखे यायला हवे.

आता आराखड्यात दिलेल्या मापाचा लाकडी ठोकळा मागच्या स्पारवर आणि त्यावर लांब सरळ पट्टी ठेवून कोन वाचावा. हे वाचन प्रत्येक पंखाच्या मुळाशी, मध्यावर आणि टोकाशी घ्यावे, आणि दर वेळी लेव्हल उलटी फिरवून पुन्हा घ्यावे, म्हणजे उपकरणाची स्वतःची चूक लक्षात येते. दोन्ही बाजूंत ०.१ अंशापेक्षा अधिक फरक राहू देऊ नये. ०.१ अंश म्हणजे पंखाच्या पूर्ण रुंदीवर जेमतेम अडीच मिलिमीटर. पण ढोबळ हिशेबाने, ताशी ३२० किलोमीटरच्या वेगाला तेवढ्याने एका पंखाची उचल दुसऱ्यापेक्षा पंधराएक किलोंनी बदलते. वाचन जुळले की सी-क्लॅम्प घट्ट आवळावेत, पुन्हा वाचावे आणि मगच भोक पाडावे. भोकाच्या केंद्रापासून धातूच्या कडेपर्यंत बोल्टच्या व्यासाच्या दुपटीएवढे अंतर सर्व बाजूंनी उरायलाच हवे. ते उरत नसेल, तर कोन किती सुरेख जुळला आहे याला काही अर्थ नाही.

एलेरॉनचा शून्य, म्हणजे न वळलेली मधली स्थिती, नजरेने ठरवू नये. बेलक्रँक (एलेरॉनकडे हालचाल पोचवणारी कोनी तरफ) त्याच्या जिगने (ठरावीक जागी धरणाऱ्या साच्याने) मध्यावर अडकवावा, पंखाच्या शेवटच्या रिबमधील (पंखाला आकार देणाऱ्या फासळीतील) टूलिंग होलच्या (संदर्भासाठीच्या भोकाच्या) रेषेत एलेरॉनची मागची कड येईपर्यंत पुशरॉडची (एलेरॉनला जोडणाऱ्या दांड्याची) लांबी बदलावी आणि दुसऱ्या पंखावर तेच करावे. दोन्ही एलेरॉन शून्यावर असताना स्टिक (वैमानिकाच्या हातातील नियंत्रण-दांडा) मध्यावर यायला हवी. ती येत नसेल, तर स्टिकच्या बाजूचे रॉड जुळवावेत, एलेरॉनला हात लावू नये. फ्लॅप (एलेरॉनच्या आतल्या बाजूच्या, उतरताना खाली सोडायच्या फळ्या) त्यानंतर एलेरॉनच्या कडेशी जुळवावेत आणि पंखाचे टोक सर्वांत शेवटी बसवावे. अनेक जण आधी फायबरग्लासचे टोक बसवून मोकळे होतात आणि मग एलेरॉन त्याच्याशी जुळवतात. हा क्रम उलटा असल्यामुळे टोकाची चूक सगळ्या पंखावर पसरते.

उड्डाणात तपासणी करताना हवा शांत असावी, दोन्ही टाक्यांतील इंधन सारखे असावे आणि स्लिप (विमानाचे तिरके सरकणे) दाखवणाऱ्या उपकरणातला बॉल मध्यावर असावा. बॉल बाजूला असेल, तर आधी रडर आणि चाकांवरील व्हील पँट (आवरणे) सरळ आहेत का ते पाहावे, कारण विमान तिरके सरकत असताना एक पंख जड असल्याचा आभास होतो. बॉल मध्यावर ठेवून स्टिक सोडल्यावरही डावा पंख खाली जात असेल, तर जमिनीवर इन्सिडन्स आणि फ्लॅप पुन्हा मोजावेत. तिथे दोष सापडला नाही, तर एलेरॉनच्या मागच्या कडेकडे वळावे. ही कड पत्रा वाकवून केलेली असते आणि तिची गोलाई जास्त असली, की एलेरॉनची वर तरंगण्याची ओढ कमी होते. म्हणून हलक्या पंखाच्या, म्हणजे इथे उजव्या एलेरॉनची कड दोन लाकडी पट्ट्यांमध्ये धरून पूर्ण लांबीभर अगदी थोडी दाबावी. तो एलेरॉन किंचित वर राहू लागतो आणि उजवा पंख खाली येऊन तोल साधतो. दाबण्याचे काम कणाकणाने करावे आणि प्रत्येक वेळी उडवून पाहावे, कारण दाबलेली कड पुन्हा गोल करणे कटकटीचे असते. एलेरॉनवर ट्रिम टॅब (तोल साधणारी छोटी पट्टी) चिकटवणे सोपे खरे, पण तो स्वतःच ड्रॅगची भर घालतो.

दोन्ही फ्लॅप किंवा एलेरॉन शून्याच्या थोडे वर ठेवून वेग वाढवण्याची युक्तीही सांगितली जाते. लॅन्सेअर ३२० सारख्या विमानांत पंखाचा छेदच त्या हिशेबाने निवडलेला आहे. आरव्ही-७ च्या नाका २३०१३.५ या नावाच्या पंखछेदाला त्यातून फारसे काही मिळेल असे मला वाटत नाही.

मिळालेला फायदा मोजतानाही घाई करू नये. ड्रॅग तीन टक्क्यांनी कमी झाला, तर त्याच शक्तीवर वेग जेमतेम एका टक्क्याने वाढतो. उलट, हवा सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वर चढत असेल, तर ७२५ किलोच्या विमानाला तिच्याकडून साडेतीन किलोवॅट फुकट मिळतात आणि तेवढ्याने वेग दीड टक्क्याने वाढलेला दिसतो. म्हणून भल्या पहाटे, त्याच वजनावर, त्याच घनता-उंचीवर (हवेच्या घनतेवरून ठरणाऱ्या उंचीवर) आणि त्याच शक्तीवर, चारही दिशांना जीपीएसने वेग मोजून सरासरी घ्यावी, आणि एका वेळी एकच बदल करावा.

पुशरॉडची लांबी बदलल्यावर रॉड-एंडचे (दांड्याच्या टोकाच्या जोडाचे) पुरेसे आटे आत आहेत का ते पाहावे, लॉकनट आवळावा आणि एलेरॉन दोन्ही टोकांच्या स्टॉपपर्यंत निर्वेध जातो का, याची खात्री करावी. एलेरॉनवर रंग, पुट्टी किंवा टॅब चढवला असेल, तर फ्लटरचा (वेगात सुरू होणाऱ्या विध्वंसक थरथरीचा) धोका टाळण्यासाठी त्याचे बॅलन्सिंग (वजनाचा समतोल) पुन्हा करावे. इन्सिडन्ससारखा मोठा बदल झाल्यास अमेरिकी नियमांनुसार चाचणी-उड्डाणांचा टप्पा पुन्हा पार करावा लागतो. तोवर शेजारच्या आसनावर कोणाला बसवू नये.