मुलांच्या हाती मोबाईल देताना या चुका टाळा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार एक वर्षाच्या आतील बाळाला स्क्रीन मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एका तासाची मर्यादा असावी. पालक ही मिनिटे मोजतात. त्या वेळात मुलाचे काय हुकले, हे पाहायचे मात्र राहून जाते.

घास भरवताना मोबाईल समोर धरणे ही त्यातली सर्रास आढळणारी चूक. वाटीतला वरणभात संपतो, घरच्यांना हायसे वाटते; परंतु चित्रावर नजर खिळलेल्या मुलाचे पोट भरल्याच्या जाणिवेकडे लक्ष राहत नाही आणि ‘हा घास चिऊचा, हा घास काऊचा’ म्हणताना आपसूक होणारा संवाद बंद पडतो. ही सवय मोडताना जेवणाच्या मध्येच फोन हिसकावू नये. ताट वाढण्यापूर्वीच तो दुसऱ्या खोलीत ठेवावा. मूल रडेल, काही दिवस कमी जेवेल. तब्येत ठणठणीत असेल तर एखादे जेवण अर्धवट राहिल्याने बिघडत नाही. आईने नाही म्हणायचे आणि आजोबांनी हळूच फोन द्यायचा, असे झाले तर मात्र हट्ट अधिकच पक्का होतो.

‘व्हिडिओ पाहून इंग्रजी शिकतो’ हा समजही तपासून घ्यावा. बाळे भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ मधील प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी काही जणांनी प्रत्यक्ष मँडरिन भाषेत संवाद साधला, तेव्हा बाळांना त्या भाषेतील ध्वनिभेद ओळखता येऊ लागले. तीच भाषा चित्रफितीतून ऐकलेल्या बाळांत असा फरक दिसला नाही. बाळाच्या हुंकाराला लगेच प्रतिसाद देणारे माणूस समोर असावे लागते. म्हणूनच परगावच्या आजीशी केलेल्या व्हिडिओ कॉलला तज्ज्ञ वेगळे मानतात, तर कोणी पाहत नसताना चालू राहिलेली मालिका खेळात रमलेल्या मुलाचे लक्ष वारंवार तोडते.

दीड वर्षाचे मूल एकही शब्द बोलत नसेल, तर ‘मोबाईलमुळेच झाले’ असे म्हणून थांबणे ही तर गंभीर चूक होय. मोबाईल बंद करावाच, पण श्रवणक्षमतेची तपासणी आणि बालरोगतज्ज्ञांचा सल्ला त्याच आठवड्यात घ्यावा.

किशोरवयीन मुलांबाबत वाद बहुधा गेमवरून होतात, वास्तविक पहिला घाला झोपेवर पडतो. १३ ते १८ या वयात आठ ते दहा तासांची झोप आवश्यक असते, दिवसभर शिकलेले स्मरणात पक्के होण्यात त्या झोपेचा मोठा वाटा असतो आणि या वयात झोप मुळातच उशिरा येते. फोन जप्त केल्याने चोरून पाहणे वाढते. त्यापेक्षा आईवडिलांसह सर्वांचे फोन रात्री बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावावेत आणि ‘गजरासाठी लागतो’ अशी सबब आली, तर साधे गजराचे घड्याळ आणून द्यावे.