रेसिड्यू बरोबर, उत्तर चूक: कॉम्प्लेक्स अनॅलिसिसमध्ये या चुका टाळा

पदव्युत्तर पातळीवर रेसिड्यू, म्हणजे पोल झ० (जिथे फंक्शन अनंताकडे जाते तो बिंदू) भोवतीच्या श्रेणीतला १/(झ−झ०) चा सहगुणक, काढणे अवघड नसते. घात होतो तो प्रमेय लावण्याआधी जे तपासायचे ते न तपासल्यामुळे. खाली झ = क्ष + आय·य, ई हा नैसर्गिक लॉगचा पाया आणि र ही मोठ्या अर्धवर्तुळाची त्रिज्या.

कॉस क्ष च्या जागी थेट कॉस झ

कॉस क्ष/(क्ष^२+१) चे संपूर्ण वास्तव अक्षावरचे इंटिग्रल घ्या. अंशात कॉस झ ठेवला, कंटूर (इंटिग्रलची वाट) वरच्या अर्धवर्तुळाने बंद केला आणि झ = आय येथला रेसिड्यू घेतला, तर उत्तर येते पाय·कॉश(१), सुमारे ४.८५. हे शक्यच नाही. कॉस क्ष १ च्या वर जात नाही आणि नुसत्या १/(क्ष^२+१) चे इंटिग्रल पाय, म्हणजे सुमारे ३.१४ आहे. रेसिड्यू बरोबर आहे, बिघडले ते अर्धवर्तुळावर: काल्पनिक अक्षावर वर जाताना कॉस झ साधारण ई^य/२ इतका फुगतो, म्हणून तो भाग शून्याकडे जात नाही. ई^(आय·झ) घ्या. त्याचा मापांक ई^(−य) आहे आणि वरच्या अर्धप्रतलात तो १ ओलांडत नाही. शेवटी वास्तव भाग घेतला की पाय/ई, सुमारे १.१६. घातांक −आय·झ असेल तर कंटूर खाली बंद करायचा. तेव्हा दिशा घड्याळाच्या काट्यांची होते आणि रेसिड्यूच्या बेरजेपुढे उणे चिन्ह येते. ते विसरणारे पुष्कळ.

याचेच भावंड म्हणजे क्ष·साइन क्ष/(क्ष^२+१). इथे ‘लांबी गुणिले कमाल मूल्य’ पुरत नाही: पाय·र गुणिले र/(र^२−१) हे शून्याकडे न जाता पायकडे जाते. जॉर्डनचे लेमा लागते. त्याचा गाभा एका असमानतेत आहे: ० ते पाय/२ मध्ये साइन थीटा ≥ २·थीटा/पाय. त्यावरून अर्धवर्तुळावरच्या |ई^(आय·झ)| चे थीटाच्या सापेक्ष इंटिग्रल पाय/र पेक्षा लहान राहते. लेमाचे नाव लिहिलेत, तरी उरलेला गुणक र वाढेल तसा शून्याकडे जातो हेही लिहा.

अक्षावरच्या पोलला वळसा

लहान अर्धवर्तुळाने वळसा घातला की ‘अर्धा रेसिड्यू’ मिळतो, पण तो फक्त साध्या पोलसाठी. (१−कॉस क्ष)/क्ष^२ मध्ये १/झ^२ आणि ई^(आय·झ)/झ^२ वेगळे काढलेत तर दोन्हीकडे दुहेरी पोल येतो आणि लहान अर्धवर्तुळावरचा भाग अनंताकडे धावतो. दोन्ही एकत्र ठेवा: (१−ई^(आय·झ))/झ^२ ला शून्यावर साधाच पोल आहे, रेसिड्यू −आय. संपूर्ण वास्तव अक्षावरचे उत्तर पाय.

ब्रांच एकीकडे, कट दुसरीकडे

√क्ष/(क्ष^२+१) चे ० पासून अनंतापर्यंतचे इंटिग्रल काढताना कीहोल कंटूर (चावीच्या भोकाच्या आकाराची वाट) धन अक्षाला कवटाळतो. म्हणजे कट (ज्या रेषेवर √झ ची निवडलेली किंमत, म्हणजे ब्रांच, तुटते) धन अक्षावर आहे आणि आर्ग्युमेंट (झ चा कोन) ० ते २·पाय मध्येच मोजायचे. तरीही −आय येथे सवयीने −पाय/२ लिहिले जाते. तिथे ३·पाय/२ हवे. सवयीचा परिणाम नाट्यमय असतो: धन फंक्शनचे इंटिग्रल आय·पाय/√२ येते, निव्वळ काल्पनिक! बरोबर आर्ग्युमेंट घेतले की पाय/√२, सुमारे २.२२. कागदावर सगळ्यात आधी कट रेखाटा, शेजारी आर्ग्युमेंटची मर्यादा लिहा, मगच पोलकडे वळा.

लॉरां श्रेणी कुठल्या वलयातली?

लॉरां श्रेणीत झ चे ऋण घातही असतात. १/(झ(झ−१)) ची |झ| > १ मधली श्रेणी १/झ^२ + १/झ^३ + … अशी आहे. त्यात १/झ चा सहगुणक शून्य, म्हणून शून्यावरचा रेसिड्यू शून्य म्हणणे चूक. रेसिड्यू ०<|झ|<१ मधल्या श्रेणीतून मिळतो: −१. बाहेरच्या वलयातला सहगुणक −१ आणि १ या दोन रेसिड्यूंची बेरीज दाखवतो.

रूशेमध्ये ‘≥’ चालत नाही

रूशेचे प्रमेय सांगते: बंद वक्रावर |ग| हे |फ| पेक्षा लहान असेल, तर आत फ आणि फ+ग यांची शून्ये संख्येने सारखी. झ^४+३झ+२ घ्या. |झ| = १ वर |३झ| = ३ आणि |झ^४+२| ≤ ३. ‘म्हणून आत एक शून्य’ असे लिहिले तर संपले, कारण झ = −१ हे शून्य वर्तुळावरच बसले आहे. असमानता काटेकोर हवी, वर्तुळाच्या प्रत्येक बिंदूवर हवी, आणि फक्त तिथेच हवी. आत तपासण्यात वेळ घालवू नका. झ^५+३झ+१ सरळ सुटते: |झ| = १ वर ३ > २, म्हणून आत एक शून्य; |झ| = २ वर ३२ > ७, म्हणून आत पाच. मधल्या वलयात चार, कारण काटेकोर असमानतेमुळे |झ| = १ वर एकही शून्य नाही.

अमर्याद प्रदेशात महत्तम मापांक तत्त्व

मर्यादित प्रदेशात |फ| चे कमाल मूल्य सीमेवर येते, हे ते तत्त्व. उजव्या अर्धप्रतलात ई^झ पाहा. काल्पनिक अक्षावर मापांक नेमका १, आत मात्र मर्यादाच नाही. सीमेवर |फ| ≤ १ म्हणून आतही तसेच, असे म्हणायला वाढीची अट लागते. |फ(झ)| ≤ क·ई^(|झ|^अ), अ < १ असे दिलेले असेल, तर अ आणि १ च्या मध्ये ब निवडा (ब धन हवा) आणि फ ला ई^(−ε·झ^ब) ने गुणा (ε ही लहान धन संख्या). झ^ब चा वास्तव भाग किमान |झ|^ब·कॉस(ब·पाय/२) असतो, आणि ब < १ असल्याने हा कॉस धन राहतो. त्यामुळे मोठ्या कंसावर गुणाकार शून्याकडे जातो, मर्यादित अर्धचकतीवर तत्त्व लागू होते. आता झ स्थिर धरून ε शून्याकडे न्या. हा क्रम उलटा केलात तर गुणकच नाहीसा होतो आणि मोठ्या कंसावर काहीच हाती उरत नाही.

आयडेंटिटी थिअरममध्येही (शून्ये प्रदेशातल्याच एखाद्या बिंदूकडे गोळा झाली तर फंक्शन सगळीकडे शून्य) जागेचाच प्रश्न येतो. साइन(पाय/झ) ची शून्ये १/न वर आहेत आणि ती ० कडे गोळा होतात, तरी फंक्शन शून्य नाही, कारण ० हा बिंदू त्याच्या प्रदेशातच नाही.