जाम इंजिनला लगेच किक मारू नका
वर्षानुवर्षं पडून असलेली जुनी बाईक घरी आणली की आपण पहिलं काय करतो तर किक मारून बघतो, आणि ती हललीच नाही की अजून जोर लावतो. मी पण हेच केलं आणि किकचा शाफ्ट वाकवून बसलो. पिस्टन गंजून सिलेंडरला चिकटला असेल तर जोराने पिस्टनवरची रिंग तुटते नाहीतर बोअरला, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीला, चरे पडतात, मग खर्च बघायलाच नको.

आधी स्पार्क प्लग काढा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल म्हणजे एटीएफ आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं घ्या, ओतायच्या आधी बाटली जोरात हलवा कारण हे दोन्ही लगेच वेगळे होतात, आणि चार-पाच चमचे प्लगच्या भोकातून आत सोडा. अ‍ॅसिटोन पटकन पेट घेतं आणि टाकीवर सांडलं तर पेंट उतरतो, तेवढं सांभाळा. भोकावर फडकं टाकून दोन-तीन दिवस विसरून जा, मधे एकदा परत थोडं ओता.

मग गाडी डबल स्टँडवर, टॉप गिअरमध्ये, आणि मागचं चाक हाताने पुढे-मागे, हळूच. टॉप गिअरच का, तर त्यात हाताचा जोर इंजिनपर्यंत सगळ्यात जास्त पोचतो. केसभर हललं तरी समजा काम झालं! नाही हललं तर परत ओता, आठवडा लागला तरी लागू दे.

सुटल्यावर प्लग लावायच्या आधी फडकं धरून इंजिन फिरवा, आतलं तेल पिचकारीसारखं उडतं (माझा शर्ट गेला). फोर स्ट्रोक असेल तर स्टार्ट करण्याआधी इंजिन ऑइल बदलाच, ते मिश्रण रिंगांमधून खाली उतरलेलं असतं.