बॅलेच्या कथानकांवर प्रश्नमंजूषा कशी रचावी

सोलापुरात बॅलेचा, म्हणजे संवादांशिवाय नृत्य आणि मूकाभिनयातून कथा सांगणाऱ्या पाश्चात्य नृत्यनाट्याचा, संपूर्ण प्रयोग रंगमंचावर पाहिलेला प्रेक्षक क्वचितच भेटेल. तरीही ‘स्वान लेक’, ‘जिझेल’ किंवा ‘ला बायादेर’ यांच्या कथानकांवर येथील वाचनालयात, महाविद्यालयात किंवा नृत्यवर्गाच्या वार्षिक कार्यक्रमात उत्तम प्रश्नमंजूषा घेता येते. त्यासाठी एक पथ्य मात्र पाळावे लागते: प्रश्न पाठांतराचा नसावा, कथेच्या तर्काचा असावा. ‘स्वान लेक’ प्रथम कोठे सादर झाले, या प्रश्नाचे उत्तर ज्याने वाचले आहे त्यालाच येईल आणि उरलेले सभागृह जांभया देईल. पण राजपुत्राने शपथ कोणापुढे घेतली आणि ती घेताना त्याची फसगत कशी झाली, हे विचारले तर कथा नुकतीच ऐकलेला शाळकरी मुलगाही विचार करून उत्तरापर्यंत पोहोचू शकतो. ज्या गावात एका कुंभारकन्येच्या विवाहाची कथा दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत तैलाभिषेक, अक्षता आणि होम अशा विधींच्या क्रमातून लोकांसमोर मांडली जाते, त्या गावाला कृतींतून कथा वाचणे नव्याने शिकवावे लागत नाही.

प्रथम बॅले निवडावेत. सात-आठ पुरेसे होतात. त्याहून अधिक घेतल्यास नावांचा गोंधळ उडतो. माझ्या मते ‘ला सिल्फीद’, ‘जिझेल’, ‘कॉपेलिया’, ‘ला बायादेर’, ‘स्वान लेक’, ‘स्लीपिंग ब्यूटी’ आणि ‘ला फिय माल गार्दे’ ही यादी चांगली आहे, कारण या प्रत्येकात कथानकाला निर्णायक वळण देणारी एखादी कृती किंवा वस्तू आहे. ‘नटक्रॅकर’ लोकप्रिय असले तरी प्रश्नकर्त्याच्या फारसे कामाचे नाही. उंदरांच्या राजाशी लढाई होते, मुलगी त्याच्यावर आपली चप्पल फेकते आणि लढाईचे पारडे फिरते. त्यानंतरचा जवळजवळ संपूर्ण दुसरा अंक मिठाईच्या देशातील नृत्यांचा आहे. त्यावर एक प्रश्न काढावा आणि पुढे जावे. ‘ले सिल्फीद’ हे ‘ला सिल्फीद’पेक्षा निराळे असून शोपँच्या संगीतावर मिखाईल फोकीन यांनी रचलेल्या त्या बॅलेला कथानकच नाही, हेही यादी करतानाच लक्षात घ्यावे; नाहीतर उत्तरपत्रिकेत घोटाळा होतो.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित असते. प्रत्येक बॅलेसाठी आपण कोणती आवृत्ती प्रमाण मानतो, हे लिहून ठेवावे. बॅलेची कथा नाटकाच्या छापील संहितेसारखी पक्की नसते. नवा नृत्यरचनाकार आला की शेवट बदलू शकतो. ‘स्वान लेक’ मॉस्कोत 1877 साली प्रथम सादर झाले, पण आज जे बहुतेक ठिकाणी दिसते त्याचा आधार मारियस पेटिपा आणि लेव्ह इव्हानोव्ह यांनी 1895 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये सादर केलेली रचना हा आहे. तोपर्यंत त्याचे संगीतकार चायकॉव्हस्की यांचे निधन होऊन सव्वा वर्ष झाले होते. त्या रचनेत शापाने हंस झालेली नायिका ओडेट आणि राजपुत्र सीगफ्रीड दोघेही तळ्यात उडी घेतात आणि त्यांच्या बलिदानाने शाप देणाऱ्या मांत्रिक रोथबार्टची सत्ता संपते; सोव्हिएत काळातील अनेक आवृत्त्यांत मात्र राजपुत्र रोथबार्टचा पंख उपटून त्याला हरवतो आणि दोघेही जिवंत राहतात. तेव्हा ‘शेवटी नायिकेचे काय होते?’ असा मोघम प्रश्न विचारल्यास दोन संघ दोन भिन्न उत्तरे देतील आणि दोघेही बरोबर असतील. ‘1895 च्या रचनेनुसार’ एवढे दोन शब्द प्रश्नाच्या आरंभी जोडले की वाद मिटतो. ‘नटक्रॅकर’च्या नायिकेचे नावही असेच विचारू नये, काही प्रयोगांत ती क्लारा असते, काहींत मारी, तर रशियन प्रयोगांत बहुधा माशा.

‘जिझेल’च्या बाबतीत हा फरक स्वतःच एक सुंदर प्रश्न होतो. पॅरिसमध्ये 1841 साली हा बॅले आला तेव्हाच्या संहितेत मेलेली खेडूत मुलगी जिझेल शेवटी तिला वेष पालटून फसवणाऱ्या सरदार अल्ब्रेख्टला त्याची वाग्दत्त वधू बाथिल्ड हिच्याकडे परत जाण्याची खूण करते. आजच्या बहुतेक प्रयोगांत बाथिल्ड तेथे येतच नाही आणि अल्ब्रेख्ट थडग्यापाशी एकटाच उरतो. हे दोन शेवट सांगून यांपैकी जुना कोणता, हे कारणासह ओळखण्यास सांगावे. उत्तर चुकले तरी सभागृहात चर्चा होते, आणि अशी चर्चा घडवणारा प्रश्न मी दहा सरळ प्रश्नांच्या मोलाचा मानतो.

प्रश्न घडवण्याची रीत आता सविस्तर पाहू, आणि त्यासाठी ‘ला बायादेर’ घेऊ. सेंट पीटर्सबर्गमध्ये 1877 साली पेटिपा यांनी लुडविग मिंकुस यांच्या संगीतावर रचलेल्या या बॅलेची कथा भारतात घडते, आणि त्यातला राजा गोवळकोंड्याचा आहे. सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने सुमारे 300 किलोमीटर असल्याने येथील श्रोते हे नाव ऐकताच कान टवकारतात. परंतु यावर भूगोलाचा किंवा इतिहासाचा प्रश्न काढण्याचा मोह टाळावा. बॅलेतील हे गोवळकोंडा कुतुबशाहीचे नाही. ते युरोपीय कल्पनेतले राज्य आहे आणि आपल्या ज्ञानाच्या जोरावर त्यात चुका काढत बसल्यास प्रश्नमंजूषा कथानकापासून दूर जाते.

कथा अशी आहे. देवळातील नर्तिका निकिया आणि योद्धा सोलोर यांनी पवित्र अग्नीसमोर एकमेकांना वचन दिले आहे. निकियावर मन जडलेला मुख्य पुरोहित ते चोरून ऐकतो आणि राजाला सांगतो, कारण राजा सोलोरला आपला जावई करणार आहे. राजा सोलोरला ठार मारील, अशी पुरोहिताची अपेक्षा असते. राजा मात्र निकियाला संपवायचे ठरवतो. राजकन्या गमझट्टी निकियाला बोलावून दागिन्यांचे आमिष दाखवते, निकिया नकार देते आणि झटापटीत कट्यार उचलते. पुढे वाग्दानाच्या सोहळ्यात निकियाला नाचावे लागते. तिच्या हाती फुलांची परडी दिली जाते, ती सोलोरनेच पाठवली असे समजून ती आनंदाने नाचते, आणि परडीतला साप तिला डसतो. पुरोहित विषावरचा उतारा घेऊन पुढे येतो. तिने त्याचे व्हावे, एवढीच त्याची अट असते.

या कथेतून ‘निकिया कशाने मरते?’ असा प्रश्न निघतो आणि बहुतेक प्रश्नकर्ते तेथेच थांबतात. त्याहून चांगला प्रश्न असा: ‘विषावरचा उतारा हाती असूनही निकिया तो का घेत नाही?’ याचे पूर्ण उत्तर दोन भागांचे आहे; पुरोहिताची अट तिला मान्य नाही, आणि त्याच क्षणी सोलोर गमझट्टीबरोबर असल्याचे तिला दिसते. दोन्ही भागांना स्वतंत्र गुण ठेवावेत. दुसरा चांगला प्रश्न पुरोहिताचा आहे: ‘ज्याचा काटा काढण्यासाठी पुरोहिताने चहाडी केली, त्याच्याऐवजी शिक्षा कोणाला झाली, आणि का?’ येथे बॅलेचे एकही नाव पाठ नसलेला माणूस राजाच्या जागी स्वतःला ठेवून उत्तर काढू शकतो. जावई हवा असलेला राजा जावयाला कसा मारील? शेवटाविषयी विचारायचे झाल्यास आवृत्तीचा उल्लेख पुन्हा आवश्यक ठरतो, कारण मूळ बॅलेत लग्नाच्या वेळी देऊळ कोसळते, सोव्हिएत काळात तो अंक गळून, मेलेली निकिया सोलोरला स्वप्नात जेथे भेटते त्या सावल्यांच्या राज्यातच कथा थांबू लागली, आणि 1980 साली नतालिया माकारोव्हा यांनी अमेरिकन बॅले थिएटरसाठी केलेल्या रचनेत देऊळ पुन्हा कोसळले.

हीच कसोटी इतर बॅलेंना लावावी. ‘स्लीपिंग ब्यूटी’त दुष्ट परी काराबोसने राजकन्येला मृत्यूचा शाप दिला, हे सर्वांना ठाऊक असते, पण लायलॅक परी तो सौम्य कशी करू शकली, हे विचारावे. इतर पऱ्यांची वरदाने देऊन झाली होती आणि तिचे तेवढे शिल्लक होते, म्हणून मृत्यूच्या जागी शंभर वर्षांची झोप आली. ‘ला फिय माल गार्दे’ हा 1789 सालचा, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीत बास्तीयचा तुरुंग पडण्याच्या दोन आठवडे आधी बोर्दो येथे प्रथम झालेला विनोदी बॅले. त्यात विधवा आई मुलीला प्रियकरापासून दूर ठेवण्यासाठी खोलीत कोंडते आणि कडी लावून निश्चिंत होते. तिची ही खबरदारीच तिच्यावर कशी उलटते, असे विचारल्यास सभागृह हसत हसत उत्तर देते, कारण प्रियकर त्याच खोलीत आधीपासून लपलेला असतो. ‘जिझेल’मध्ये तिच्यावर प्रेम करणारा रानरक्षक हिलारियन खोटे बोलत नाही, उलट अल्ब्रेख्टचे सोंग तोच उघडे पाडतो, तरी विलींच्या, म्हणजे लग्नाआधी मेलेल्या मुलींच्या भुतांच्या, हाती मरतो तो हिलारियन आणि वाचतो तो अल्ब्रेख्ट, असे का, हा प्रश्न मी कोणत्याही स्पर्धेत शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवीन. जिझेल एकासाठी पहाटेपर्यंत उभी राहते, दुसऱ्यासाठी कोणीच उभे राहत नाही, असे उत्तर आले तर पूर्ण गुण द्यावेत.

एक फेरी उतरत्या गुणांची ठेवावी. त्यात एकाच बॅलेची सूत्रे कठीणाकडून सोप्याकडे वाचली जातात आणि पहिल्याच सूत्रावर ओळखणाऱ्यास सर्वाधिक गुण मिळतात. ‘ला सिल्फीद’ यासाठी आदर्श आहे. पहिले सूत्र: स्कॉटलंडमधील एका शेतघरात लग्नाच्या सकाळी नवरदेव खुर्चीत झोपला आहे. दुसरे: हात पाहणारी एक म्हातारी वधूला सांगते की, तुझे लग्न दुसऱ्याशीच होईल. तिसरे: वधूसाठी आणलेली अंगठी कोणीतरी हिसकावून नेते आणि नवरदेव तिच्यामागे रानात धावतो. चौथे: प्रेमाने पांघरलेल्या एका ओढणीमुळे नायिकेचे पंख गळून पडतात. सूत्रे लिहिताना पात्रांची नावे आणि देशाचा ठसठशीत उल्लेख शक्य तितका उशिरा आणावा. वरच्या उदाहरणात स्कॉटलंड पहिल्याच सूत्रात आले आहे, ते संघ नवखे असतील तरच योग्य.

मूकाभिनयाची फेरी सोलापुरात विशेष रंगते, कारण भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलींना हातांची भाषा परकी नसते. पडद्यावर चित्रफीत दाखवण्यापेक्षा एखाद्या विद्यार्थिनीकडूनच खुणा करवून घ्याव्यात. सभागृहातील जोडणी बिघडण्याची चिंता राहत नाही. बॅलेत अनामिकेकडे बोट दाखवणे म्हणजे विवाह, दोन बोटे वर उचलणे म्हणजे शपथ, मुठी आवळून मनगटे समोर एकमेकांवर ठेवणे म्हणजे मृत्यू, आणि दोन्ही हात डोक्यावर एकमेकांभोवती फिरवणे म्हणजे नृत्य. आता ‘शपथ, विवाह, मृत्यू’ एवढ्याच खुणा क्रमाने करून दाखवाव्यात आणि ही कथा कोणकोणत्या बॅलेंची असू शकते, असे विचारावे. उत्तर एकच नाही, आणि फेरीची गंमत त्यातच आहे.

या फेरीला जोडून वचनभंगाचे प्रश्न घ्यावेत. ‘ला सिल्फीद’चा नवरदेव जेम्स, अल्ब्रेख्ट, सीगफ्रीड आणि सोलोर हे चौघेही दिलेले वचन मोडतात, पण प्रत्येकाचे कारण वेगळे: जेम्स मोहाने, अल्ब्रेख्ट कपटाने, सीगफ्रीड फसवणुकीमुळे आणि सोलोर राजाच्या दबावापुढे नमून. कोणाला कोणती शिक्षा मिळते, याच्या जोड्या लावण्यास सांगाव्यात. येथे शकुंतलेचा विषय मराठी श्रोत्यांच्या ओठांवर येतोच, आणि तो टाळण्याचे कारण नाही. ‘जिझेल’च्या संहितेचे एक लेखक तेओफिल गोतिए यांनीच कालिदासाच्या नाटकावरून ‘साकुंताला’ या बॅलेची संहिता लिहिली होती आणि तो 1858 साली पॅरिसमध्ये लुसियाँ पेटिपा यांनी बसवला; हेच लुसियाँ 1841 साली पहिले अल्ब्रेख्ट होते. दुष्यंतही वचन विसरतो, परंतु शापामुळे. म्हणून तो या चौघांच्या रांगेत बसतो की नाही, हा प्रश्न गुणांविना, केवळ चर्चेसाठी विचारावा.

प्रत्यक्ष कार्यक्रमात प्रत्येक फेरीपूर्वी त्या फेरीतील कथा दोन-तीन मिनिटांत सांगाव्यात, मात्र निर्णायक वळण गाळून. परकी नावे फळ्यावर देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहावीत, कारण सभागृहात मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू घरांतली मुलेही असतात आणि प्रत्येकाच्या कानी ‘सीगफ्रीड’ निराळेच पडते. नावाच्या उच्चारासाठी गुण कापू नयेत. पात्र कोणते हे कळले की पुरे. उत्तरपत्रिकेत प्रत्येक उत्तरासमोर आवृत्ती आणि मान्य पर्यायी उत्तर लिहिलेले असावे व ती परीक्षकाच्या हाती असावी, निवेदकाच्या नव्हे. बक्षिसाचा प्रश्न आपल्या गावात कधीच पडत नाही. चादर दिली की विजेता आणि त्याचे घरचे दोघेही खूश.

गुण समान झाल्यास घटनाक्रम लावण्याचा प्रश्न द्यावा आणि त्यासाठी ‘कॉपेलिया’ घ्यावे, कारण त्याचा दुसरा अंक घड्याळासारखा एकापुढे एक सरकतो. त्यात कॉपेलियस हा बाहुल्या बनवणारा म्हातारा, तर स्वानिल्डा आणि फ्रान्झ हे प्रेमिक. चिठ्ठ्यांवर या घटना उलटसुलट लिहून द्याव्यात: स्वानिल्डा बाहुलीचा पोशाख चढवते, कॉपेलियस फ्रान्झला गुंगीचे पेय पाजतो, स्वानिल्डा मैत्रिणींसह सापडलेल्या किल्लीने घरात शिरते, फ्रान्झ शिडी लावून खिडकीतून आत येतो, फ्रान्झचा प्राण बाहुलीत उतरवल्याचा कॉपेलियसचा समज होतो. किल्लीपासून आरंभ होतो, त्यानंतर पोशाख, शिडी, पेय आणि शेवटी म्हाताऱ्याचा भ्रम. काही प्रयोगांत पोशाख आणि शिडी यांचा क्रम बदललेला दिसतो, म्हणून या दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल परीक्षकाने मान्य धरावी.