वादळाची नुकसानभरपाई: वाडीवाल्यांनो, या चुका टाळा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या पट्ट्यातील नारळ-सुपारीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. तेव्हा मी अनेक वाडीवाल्यांची कागदपत्रे जमवून दिली, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आले तेव्हाही दिली, आणि दोन्ही वेळा त्याच त्या चुका पाहिल्या.

सर्वांत महागात पडते ती पंचनाम्याआधी वाडी साफ करण्याची घाई. माझ्या ओळखीच्या एका बागायतदारांनी चौथ्याच दिवशी मजूर लावले, पडलेल्या सुपाऱ्या तोडून कुंपणाशी रचल्या, आंब्याचे खोड लाकूडवाल्याला दिले आणि बुंधे उपटून खड्डेही बुजवले. फळबागांना मदत हेक्टरी ५०,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर झाली होती. त्यामुळे क्षेत्र सातबाऱ्यावर असताना झाडे कशाला मोजायची, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु कोकणातील वाडी गुंठ्यांत मोजतात, आणि दहा गुंठ्यांना या दराने जेमतेम ५,००० रुपये येतात. त्यावर ओरड झाल्यानंतर शासनाने सुपारीला झाडामागे ५० आणि नारळाला २५० रुपये असा दर ठरवला. पावणेतीन मीटरवर लावलेल्या सुपाऱ्या दहा गुंठ्यांत सव्वाशेहून अधिक बसतात, म्हणजे आता प्रत्येक बुंध्याला किंमत आली होती आणि या गृहस्थांकडे दाखवायला एकही बुंधा नव्हता. शेजाऱ्यांनी साक्ष दिली तरी निम्मीच झाडे कागदावर लागली.

वाट अडवणारे झाड तोडावेच लागते, हे मान्य आहे. अशा वेळी मी बुंधा गुडघाभर ठेवतो, त्यावर चुन्याने क्रमांक घालतो, तोच क्रमांक वहीत लिहितो आणि विहीर किंवा घराचा कोपरा दिसेल असा फोटो काढतो. हल्लीच्या तरुणांना चुना आणि वही हास्यास्पद वाटते. निसर्गनंतर कित्येक दिवस वीज नव्हती आणि मोबाईल बंद पडले होते, हे ते विसरतात.

झाडांचा आकडा फुगवून सांगू नये. फेरतपासणीत खरी झाडेही संशयात सापडतात.

गाव नमुना बारावर, म्हणजे सातबाऱ्याच्या पिकांच्या भागात, वाडीऐवजी गवत किंवा पडीक अशी नोंद असेल, तर ती वादळाआधी दुरुस्त करून घ्यावी. पीक विमा आणि शासनाची मदत या वेगळ्या गोष्टी आहेत. एकीचा पंचनामा दुसरीचा अर्ज ठरत नाही.

दुसरी मोठी चूक जमिनीच्या सामाईक खात्याची. सातबाऱ्यावर सात नावे असतात, त्यांतले तिघे मुंबईला, एक वारलेला आणि त्याची वारस नोंद झालेली नाही. वाडी मात्र गावी राहणारा एकटा भाऊ राखतो. रक्कम कोणाच्या खात्यात जमा करायची याचे संमतीपत्र मिळेपर्यंत ती अडकून राहते, आणि मग हा भाऊ तलाठ्यावर चिडतो. वास्तविक ही सर्व मंडळी गणपतीला आणि शिमग्याला घरी येतात, चार-पाच दिवस एकाच पंगतीला बसतात. मी आमच्या घरी आरतीनंतर सातबारा काढतो, मृतांच्या वारसांची यादी करतो आणि सह्या त्याच बैठकीत घेतो. सणासुदीला जमिनीचा विषय नको, असे काकू दरवर्षी म्हणतात, विषय निघतोच.

यादीत नाव लागले म्हणजे पैसे आले, असे समजून घरी बसू नये. शेतकरी ओळख क्रमांक काढलेला नसेल, तर यादीतील विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण करावे लागते. रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेत जाते, मग अर्जात खाते कोणतेही लिहिलेले असो. मुलाने कधीतरी मुंबईत उघडून दिलेल्या आणि विस्मरणात गेलेल्या खात्यात भरपाई जमा झाल्याचे मी तीनदा पाहिले आहे, आणि तिन्ही वेळा संबंधितांनी तोवर तहसील कार्यालयात तक्रार ठोकली होती.